गाडीचा हीटर थंड हवा फेकतोय?

निफाडचा पारा खाली उतरला की नाशिकमध्ये हीटरची आठवण होते, आणि नेमका तेव्हाच तो गार हवा मारतो. पेट्रोल-डिझेल गाडीत हीटरला उष्णता मिळते ती इंजिनच्या गरम कूलंटमधून, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवातून. म्हणून आधी कूलंटच बघा, तेही इंजिन पूर्ण गार असताना. तापलेलं झाकण उघडलंत तर हात भाजलाच म्हणून समजा.

पातळी टाकीवरच्या ‘मिन’ खुणेच्या खाली असेल तर गळती शोधा. नुसतं भरून भागत नाही.

आता इंजिन तापवा, हीटर फुल करा आणि डॅशबोर्डच्या मागे जाणारे दोन रबरी पाइप जपून चाचपा. पंख्यापासून हात लांब. दोन्ही चटका देणारे असतील तर कूलंट ठीक फिरतंय, दोष आतल्या, गरम-गार हवा वळवणाऱ्या फ्लॅपचा किंवा त्याच्या मोटरचा. एक गरम, दुसरा कोमट असेल तर हीटर कोअर (डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटर) तुंबलाय, किंवा हीटरच्या पाइपवर व्हॉल्व्ह असलेल्या गाडीत तो उघडत नाहीये. वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतलेल्या गाड्यांत क्षार साचून हे हमखास होतं. दोन्ही गार? मग कूलंटच्या पाइपांत हवा अडकली असेल, नाहीतर कूलंट फिरवणारा पंप कमजोर.

हायवेला लागताच तापमानाचा काटा खाली येत असेल तर थर्मोस्टॅट (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) उघडाच अडकलाय. तो काढून टाकू नका, नवा बसवा. कूलंट कॉन्सन्ट्रेट असेल तर डिस्टिल्ड पाण्यात निम्मं-निम्मं मिसळून भरा, अडकलेली हवा काढा. पायाखालचं कार्पेट ओलं आणि गोडसर वास आला तर कोअर फुटलाय. डॅशबोर्ड खोलावा लागतो, ते गॅरेजवाल्यालाच करू द्या.