भगंदराचं ऑपरेशन ठरवताय? या चुका टाळा

ड्रेसिंग रूमबाहेरच्या बाकावर जागा असते, तरी एखादा माणूस भिंतीला टेकून उभाच राहतो. फाइल पोटाशी धरलेली, भार कधी या पायावर, कधी त्या. 'बसा हो' म्हटलं की हळूच सांगतो, 'बसायलाच जमत नाही, सिस्टर.' गोव्यातल्या इस्पितळात अशा जखमा धुण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. त्यामुळे भगंदराबद्दल चारचौघांत न बोलल्या जाणाऱ्या गोष्टी माझ्या कानावर येतात, आणि त्यातल्या बऱ्याच फार उशिरा येतात.

गळू फुटलं म्हणजे सुटलो, असं समजणं

एका डिचोलीकडच्या गृहस्थांनी दीड वर्ष आतल्या कपड्यात रुमालाची घडी ठेवून काढलं होतं. गळू यायचं, दोन दिवस ठणकायचं, मग फुटून पू गेला की बरं वाटायचं. दर वेळी औषधाच्या दुकानातून गोळ्या आणि दर वेळी एकच वाक्य: 'चवथ झाली की बघू.' दोन चवथी गेल्या. सुरुवातीला एक तोंड होतं, आमच्याकडे आले तेव्हा तीन झाली होती.

गुदद्वाराच्या आत बारीक ग्रंथी असतात. त्यातली एखादी तुंबली की पू होतो आणि वाट काढत कातडीपर्यंत येतो. पू निघून गेला तरी ती वाट नळीसारखी राहू शकते, तेच भगंदर. तिथलं गळू झालेल्यांपैकी तिसरा हिस्सा ते निम्म्या लोकांना पुढे भगंदर होतं. अँटिबायोटिकने आजूबाजूची सूज उतरते, नळी बुजत नाही. मोठ्या माणसाचं भगंदर आपलं आपण बरं होणं विरळाच. म्हणून 'ऑपरेशनचा धोका नको' असं म्हणताना न करण्याचाही धोका मोजावा लागतो: पुन्हा पुन्हा गळू, नळीला फुटणारे फाटे, आणि मधुमेह असेल तर झपाट्याने पसरणारा संसर्ग.

अर्धाच प्रश्न विचारणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक ही. सर्जनसमोर बसलं की सगळे विचारतात, 'डॉक्टर, जाईल ना पूर्ण?' 'ताबा राहील ना?' हे विचारायची लाज वाटते.

शौच आणि वारा धरून ठेवायला गुदद्वाराभोवती स्नायूंची दोन कडी असतात. आतलं आपोआप आवळलेलं असतं, बाहेरचं आपण मनाने आवळतो. भगंदराची नळी या कड्यांमधून किती जाते, यावर सगळा हिशेब आहे. नळी खालून, थोड्याच स्नायूतून जात असेल तर सर्जन ती उभी चिरून उघडी ठेवतात आणि जखम तळापासून भरून येते. दहातले नऊ किंवा त्याहून जास्त रुग्ण यात बरे होतात. पण नळी वरून, बऱ्याच स्नायूला भेदून जात असेल आणि तीही अशीच उघडली, तर स्नायू कापला जातो. मग वारा अडवता येत नाही, पातळ शौच निसटते, कपड्याला डाग पडतो.

अशा वरच्या नळीसाठी स्नायू वाचवणारे उपाय आहेत. सैल दोरा घालून आधी पू वाहता ठेवतात. मग आतल्या तोंडावर अस्तराचा पापुद्रा ओढून बसवतात, किंवा दोन स्नायूंच्या मधल्या फटीत नळी बांधून तोडतात. या दुसऱ्या पद्धतीला 'लिफ्ट' म्हणतात, थायलंडच्या सर्जनांनी ती 2007 मध्ये मांडली. यात ताबा बहुतेक शाबूत राहतो, पण पहिल्याच खेपेला यश दहात सहा-सात जणांना. उरलेल्यांना पुन्हा टेबलावर जावं लागू शकतं.

म्हणजे एका पारड्यात खात्रीने बरं होणं आणि दुसऱ्यात ताबा. कुठलं पारडं जड, हे एकट्या डॉक्टरने ठरवायचं नसतं. भजनी सप्ताहात खांद्याला खांदा लावून रात्रभर उभा राहणारा माणूस किंवा दिवसभर वर्गात शिकवणारी बाई, यांना वाऱ्यावरचा ताबा गेला तर काय होईल हे त्यांनाच माहीत. एका मास्तरांनी मला ड्रेसिंग चालू असताना खालच्या आवाजात सांगितलं होतं, 'हे असं होऊ शकतं हे आधी कळलं असतं तर दोन ऑपरेशनं पत्करली असती.' ते वाक्य मी विसरलेले नाही.

म्हणून सही करण्यापूर्वी सरळ विचारा: माझ्या नळीत स्नायूचा किती भाग येतो? त्यातला तुम्ही किती कापणार? कापला नाही तर परत होण्याची शक्यता किती? चांगला सर्जन या प्रश्नांना कंटाळत नाही, कागदावर चित्र काढून दाखवतो.

आधीची माहिती लपवणं

बाळंतपणात टाके पडले होते, कधीतरी वारा निसटतो, हे बायका सांगतच नाहीत. स्त्रियांचं बाहेरचं कडं पुढच्या बाजूला आखूड असतं, त्यात बाळंतपणात इजा झालेली असेल तर पुढच्या बाजूचं भगंदर उघडं करणं फारच जोखमीचं. बाईंनो, हे सांगाच. नवऱ्यासमोर नको असेल तर सिस्टरला बाजूला घेऊन सांगा.

पूर्वी ऑपरेशन झालं असेल तर ते कागद न्या. परत झालेलं किंवा फाटे फुटलेलं भगंदर असेल तर आधी एमआरआय लागतो, कारण एक फाटा आत राहिला तरी सगळी मेहनत वाया जाते. बरेच दिवस जुलाब, वजन घटणं, क्षयाची पूर्वपीडा, हेही लपवू नका. आतड्याच्या क्रोन आजारातलं किंवा क्षयाचं भगंदर मुळातला आजार सोडून नुसतं कापून बरं होत नाही. काढलेला तुकडा तपासायला पाठवणार ना, हे विचारून ठेवा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर सांगा, आपल्या मनाने बंद करू नका. साखर आधी आटोक्यात आणा आणि सिगारेट सोडा.

नावावर भाळणं

'लेझर आहे, म्हणजे चिरफाड नाही', 'आयुर्वेद आहे, म्हणजे धोका नाही', ही दोन्ही वाक्यं मी आठवड्यातून एकदा तरी ऐकते. लेझर म्हणजे नळी आतून जाळणं. स्नायूला इजा कमी, पण परत होण्याचं प्रमाणही उघड्या ऑपरेशनपेक्षा जास्त.

क्षारसूत्राबद्दल, म्हणजे आयुर्वेदातल्या औषधी दोऱ्याबद्दल, मला आदर आहे. सुश्रुताने भगंदर आठ महागदांत, म्हणजे बरे व्हायला अवघड अशा आजारांत, मोजलं आहे, आणि निवडुंगाचा चीक, आघाड्याचा क्षार आणि हळद यांचे लेप चढवलेला हा दोरा आपल्याच देशात तपासूनही झाला आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 1991 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वर्षभरात भगंदर परत होण्याचं प्रमाण क्षारसूत्राने 4 टक्के आणि ऑपरेशनने 11 टक्के आढळलं. पण बरं व्हायला ऑपरेशनला 4 आठवडे, तर क्षारसूत्राला 8. शिवाय दोरा हळूहळू का होईना, कापतच जातो, त्यामुळे वरच्या नळीत ताब्याचा प्रश्न तिथेही विचारायचाच. दर आठवड्याला दोरा बदलायला जायचं आणि त्या दिवशीची आग सोसायची, याचीही तयारी हवी. पेडण्यात धारगळला 2022 पासून अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचं इस्पितळ आहे. उपचार शल्यतंत्र, म्हणजे आयुर्वेदातली शस्त्रक्रिया, शिकलेल्या वैद्याकडेच घ्यावा. रस्त्याकडेच्या 'बिनाऑपरेशन, एका इंजेक्शनात' असल्या पाटीखालून आलेल्या जखमा धुताना माझे हात थरथरले आहेत.

जखम वरून मिटली की खूश होणं

ही आमच्या खोलीतली रोजची चूक. उघडी ठेवलेली जखम तळापासून वर भरत यायला हवी. वरची कातडी आधी जुळली तर खाली पोकळी राहते आणि पुन्हा पू. म्हणून ड्रेसिंगला बोट किंवा गॉज आत जातो, दुखतं, आणि लोक चौथ्या दिवसानंतर यायचंच बंद करतात. त्याऐवजी अर्धा तास आधी वेदनाशामक घ्या, गॉज कोमट पाण्यात भिजवून सुटू द्या, ओढू नका.

दिवसातून दोन-तीनदा आणि शौचानंतर टबात कोमट पाणी घेऊन दहा-पंधरा मिनिटं बसा. डेटॉल ओतू नका, नुसतं पाणी पुरतं. मग टिपून कोरडं करा. आपल्या पावसाळ्यात आणि घामात ओलं राहिलं की कातडी सोलते.

'शौचाला दुखेल' म्हणून नुसत्या पेजेवर राहणारे पुष्कळ. त्याने खडा होतो आणि मग खरंच दुखतं. पेज खा, पण भाज्या आणि फळंही घ्या, इसबगोल भरपूर पाण्याबरोबर. काही वेदनाशामकांनी शौच घट्ट होतं, तेही विचारून घ्या. जुलाबाच्या गोळ्यांचा मारा करू नका, पातळ शौचाने जखम चिघळते.

खर्च आणि रजा याचा हिशेब न करणं

गोवा सरकारच्या दीन दयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं (आरोग्य विम्याचं) कार्ड चालू आहे का आणि ठरलेलं ऑपरेशन त्यात बसतं का, हे भरती व्हायच्या आदल्या दिवशी नको, आधीच विचारा. कामावर बरेच जण एक-दोन आठवड्यांत जातात, पण ड्रेसिंग त्याहून कितीतरी दिवस चालतं. काणकोणहून बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात बसने हेलपाटे घालण्यापेक्षा जवळच्या आरोग्य केंद्रात ड्रेसिंग होईल का ते पाहा. जोरात ब्रेक दाबताना कळ येत नाही तोवर स्कूटर नकोच.

थोडं रक्त आणि पिवळसर स्राव काही आठवडे येतोच. पण पॅड भिजवणारं रक्त, ताप, वाढत जाणारा ठणका, लाली पसरणं किंवा लघवी अडकणं, यातलं काहीही झालं तर रात्र असली तरी इस्पितळात या. सकाळच्या ओपीडीची वाट बघत घरी थांबू नका.