स्केलेटल मसल: पहिल्या वर्षाच्या पोट्ट्यांनो, इथं घाई करू नका

फायबर म्हणजे स्नायूपेशी, तिच्यातले धागे म्हणजे मायोफायब्रिल, धाग्यातला एकेक आखडणारा तुकडा म्हणजे सार्कोमिअर; ही उतरंड तुम्हाला पाठ असेल असं धरून चालतो. मी यवतमाळकडच्या खेड्यातला, मराठी शाळेतला. आता ग्रामीण रुग्णालयात इंटर्न आहे, तरी हा धडा आठवला की अजून पोटात गोळा येतो.

खड्डा एकच. स्नायू आखडतो म्हणजे आतले तंतू आखूड होतात असं डोक्यात घट्ट बसतं. मीही व्हायवात तेच ठोकून दिलं, मग पुढचं एकही उत्तर जागेवर बसेना. अ‍ॅक्टिन हा बारीक तंतू आखूड होत नाही, मायोसिन हा जाड तंतूही नाही. ते एकमेकांत सरकतात. 1954 मध्ये अँड्र्यू आणि ह्यू या दोन हक्सलींनी, आपापल्या सहकाऱ्यासोबत, हेच मांडलं.

आकृती पाहून हे उतरत नाही. पऱ्हाटीच्या काड्या घ्या, आपल्याकडे त्यांचा तोटा नाही. 16 सेंमीची एक, ती मायोसिन. 10 सेंमीच्या दोन, त्या अ‍ॅक्टिन. बेडकाच्या स्नायूतलं हे ढोबळ प्रमाण, 10 सेंमी म्हणजे 1 मायक्रोमीटर. टेबलावर 25 सेंमी अंतरावर खडूनं दोन झेड लाइन, म्हणजे सार्कोमिअरच्या दोन कडा, ओढा. अ‍ॅक्टिन तिथून आत येऊ द्या, मायोसिन बरोबर मधोमध. अ‍ॅक्टिनच्या टोकांत 5 सेंमी मोकळे राहिले, तो एच झोन. मायोसिनच्या दोन्ही बाजूंना साडेचार-साडेचार उरले, ते आय बँडचे अर्धे तुकडे. उरलेला अर्धा शेजारच्या सार्कोमिअरमध्ये. आता झेड लाइन 21 वर आणा. एच झोन 1 उरला, कडेचे तुकडे अडीच-अडीच. ए बँड, म्हणजे मायोसिनची पूर्ण लांबी? 16 होता, 16च आहे. काडी कुठं मोडली? पुन्हा करा. खरंच, पुन्हा करा.

एवढं हाताखालून गेलं की निमोनिक लागत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या सीनिअरच्या नोट्स तर मी उघडूही नका म्हणेन. त्यापेक्षा स्नायूची स्लाइड पाहताना लॅबमधल्या अटेंडंट काकांशी बोला. "आडवा काप आहे ना बाबू, पट्टे कुठून दिसतीन?" हे मला कोणत्याच लेक्चरमध्ये ऐकायला मिळालं नव्हतं. आडव्या कापात बहुकोनी फायबर आणि कडेचे न्यूक्लिअस शोधा. न्यूक्लिअस मधोमध दिसले तर आधी हृदयाचा स्नायू मनात आणा.

याचा उपयोग काय, ते पावसाळ्यात कळतं. रात्री जमिनीवर झोपलेला माणूस, चाव्याची धड खूण नाही, सूज नाही; सकाळी पोट दुखतंय आणि पापण्या उघडत नाहीत. मण्यार. तिचं विष नर्व्हचं टोकच बिघडवतं, अ‍ॅसिटाइलकोलिन हे स्नायूला निरोप देणारं रसायन सुटत नाही. नागाचं विष पलीकडे, स्नायूवरच्या रिसेप्टरवर बसतं, म्हणून तिथं अँटिव्हेनमसोबत निओस्टिग्मिनचा, म्हणजे ते रसायन टिकवून धरणाऱ्या औषधाचा, उपयोग होऊ शकतो. मण्यारीत त्याचा फारसा भरवसा नाही. टोकं सावरेपर्यंत व्हेंटिलेटर. पण घाबरू नका, सार्कोमिअर शाबूत असतो. श्वास वेळेत सांभाळला तर असा माणूस चालत घरी जातो. ऑर्गनोफॉस्फेट फवारणीच्या विषबाधेत उलटं, अ‍ॅसिटाइलकोलिन साचतं आणि स्नायू फडफडू लागतात.

ड्युशेन या स्नायूंच्या आनुवंशिक आजारात मात्र बिघाड फायबरमध्येच. डिस्ट्रोफिन हे प्रोटीन नसल्यानं पडदा फाटत राहतो, रक्तातलं सीके (स्नायूतून गळणारं एन्झाइम) खूप वाढतं. पोटऱ्या जाड पाहून घरचे म्हणतील, पोरगं तगडं आहे. ऐकून घ्या, पण त्याला जमिनीवर बसवा आणि उठायला सांगा. मांड्यांवर हात टेकत चढत उठला, तर सीके पाठवा.