बाइकला कारचा टायर? या चुका टाळा

मोठ्या क्रूझर बाइकचा मागचा टायर भराभर झिजतो आणि कारचा टायर त्याहून कितीतरी जास्त चालतो. म्हणून मागे कारचा टायर लावायचा मोह अनेकांना होतो. होंडा गोल्डविंग या लांबच्या प्रवासाच्या मोठ्या बाइकवाल्यांत तर तो जुनाच आहे. पण आधी एकच बघा: तुमची गाडी वळताना झुकते का? झुकत असेल तर कारचा टायर नको. या बाबतीत मी कुणाचंही मन राखत नाही.

‘१६ इंची रिम, १६ इंची टायर, मग बसणारच’

सगळ्यात जास्त चीड मला या चुकीची येते. बाइकच्या टायरवर आकड्यापुढे ‘एम/सी’ (म्हणजे मोटरसायकल) लिहिलेलं असतं, ते उगाच नाही. टायरची कड, म्हणजे बीड, रिमवर जिथे टेकते तिथला आकार बाइकचा वेगळा आणि कारचा वेगळा.

एकदा एका गॅरेजमध्ये क्रूझरच्या रिमवर कारचा टायर चढवणं चाललं होतं. एक बाजू बसली, दुसरी बसेना. मालक मागे उभा राहून “अजून थोडी मारा, बसेल” म्हणत होता आणि हवेच्या दाबाचा काटा ६० पीएसआयच्या पुढे गेलेला. हवा भरणारा पोरगा चक्क टायरवर वाकून बघत होता. मी त्याला मागे ओढलं आणि हवा सोडायला लावली. टायर उतरवला तर बीडमधली तार मुडपलेली. नवाकोरा टायर भंगारात गेला. तार तिथेच तुटली असती तर त्या पोराचं काय झालं असतं, हे मालकाला तेव्हाही उमगलं नाही.

बीड बसवताना ४० पीएसआयच्या वर जायचं नाही, असं बहुतेक कारच्या टायरवरच छापलेलं असतं. माझी सवय सांगतो: कोणताही टायर असो, बीडला साबणाची पेस्ट भरपूर लावायची, लांब उभं राहून हवा भरायची, नाही बसला तर हवा सोडून टायर थोडा फिरवायचा आणि पुन्हा बघायचं. तरी नाही बसला, तर तो टायर त्या रिमचा नाही.

सरळ रस्त्यावर चालवून ‘मस्त चालते’ म्हणणं

सरळ रस्त्यावर काहीही मस्त चालतं. बाइकचा टायर गोल असल्यामुळे झुकल्यावरही जमिनीला नीट टेकतो. कारचा टायर सपाट. गाडी झुकवली की भार त्याच्या कडेवर येतो, साइडवॉल, म्हणजे टायरची बाजू, दबते आणि गाडी सरळ होऊ पाहते, म्हणून वळण संपेपर्यंत हँडल दाबून धरावं लागतं. वळणातच खड्डा आला तर? पावसात रुंद, सपाट टायर हलक्या गाडीखाली पाण्यावर लवकर तरंगतो, तेही आहेच. पहिल्याच दिवशी व्हिडिओ टाकणाऱ्या उतावळ्यांना यातलं काहीच दिसलेलं नसतं.

पुढच्या चाकाला कारचा टायर लावणं

कधीच नाही.

साखळी, बेल्ट, स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) यांच्यापासूनची जागा न मोजणं

चाक हाताने फिरलं म्हणजे झालं असं नाही. वेगात टायर फुगतो आणि यांना घासू शकतो.

सगळ्या तीनचाकींना एकच नियम लावणं

मागे दोन चाकं असलेली ट्राइक झुकत नाही. तिला मागे कारच्या रिमवर कारचेच टायर शोभतात. पुढे दोन आणि मागे एक चाक असलेली कॅन-ॲम स्पायडरही झुकत नाही, तिचा मागचा टायर २२५/५० आर १५, म्हणजे कारच्याच मापाचा. पिआजिओ एमपी३ आणि यामाहा निकेन यांना तीन चाकं असूनही त्या झुकतात, म्हणून त्यांना बाइक-स्कूटरचेच टायर हवेत.

ट्राइकवाल्यांनी हवा मात्र कारच्या हिशोबाने भरू नये. गाडी हलकी असते. जास्त हवेने टायर मधोमध झिजतो आणि मागची बाजू उडते. ट्राइक बनवणाऱ्याने दिलेला आकडाच पाळा आणि टायर थंड असतानाच हवा तपासा.