मुंबईत नवीन आलात आणि ॲक्शन पिस्तूल शिकायचंय? मग हे वाचा

नोकरीसाठी मुंबईत आलेली आपल्याकडची पोरं-पोरी बऱ्याचदा विचारतात की दादा, ते पळत पळत टार्गेट मारायचं शूटिंग इथं कुठं शिकवतात. मी पण कोल्हापूरचाच, आता इथं चांगला रुळलोय, म्हणून सरळ सांगतो, आधी दहा मीटर एअर पिस्तूल पकडा, म्हणजे दहा मीटरवरच्या टार्गेटवर हवेच्या दाबाने पेलेट (छर्रा) सोडणारं पिस्तूल. कारण आयपीएससीच्या, म्हणजे या ॲक्शन शूटिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मॅचमध्ये जगभर सर्रास चालणारं ९ एमएमचं पिस्तूल आपल्याकडे प्रोहिबिटेड बोअर आहे, सामान्य माणसाला ते मिळत नाही. बाकी फायरआर्म घ्यायचं तर लायसन्स, पोलीस व्हेरिफिकेशन, सगळं आलं. ४.५ एमएमच्या मॅच एअर पिस्तुलाला मात्र लायसन्स लागत नाही.

वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे, प्रभादेवी नाहीतर लोअर परळला उतरून जाता येतं. फोनवर चौकशी करत बसू नका, एकदा जाऊन नवशिक्यांसाठी काय सोय आहे ते समोरासमोर विचारा. आणि पहिल्याच पगारात पिस्तूल घेऊ नका हं! चार वेगवेगळ्या ग्रिप (पिस्तुलाच्या मुठी) हातात धरून बघितल्याशिवाय आपल्या पंजाला कुठली बसते ते कळतच नाही.

आता ॲक्शनचं वेड असलेल्यांना वाटतं की एका जागी उभं राहून काय मिळणार. तर बघा, आयपीएससीत हिट फॅक्टर असतो, म्हणजे मिळालेले पॉइंट भागिले लागलेले सेकंद. १२ सेकंदात ६० पॉइंट काढले तर ५, आणि ८ सेकंदात ५० काढले तर ६.२५, म्हणजे दुसरा पुढे. पण त्याच ८ सेकंदात गोळ्या इकडेतिकडे गेल्या, मिसची पेनल्टी बसली की तो वेग कुणाच्या कामाचा? दहा मीटरच्या टार्गेटवर १० चं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं असतं, शर्टाच्या बटणाएवढं. तिथं नजर पुढच्या साइटवर (नळीच्या टोकावरच्या नेम धरायच्या खुणेवर) ठेवायची, टार्गेट धूसर दिसू द्यायचं आणि ट्रिगर झटका न देता मागे आणत राहायचं, एवढं हातात बसलं की वेग नंतर वाढवता येतो. आपल्या राही सरनोबतने २०१८ च्या एशियन गेम्समध्ये २५ मीटर पिस्तूलचं गोल्ड घेतलं, त्या इव्हेंटच्या रॅपिड भागात एका शॉटला ३ सेकंद मिळतात. ॲक्शनची ओढ असेल तर एअरनंतर हा इव्हेंट करून बघाच.

सेफ्टीत मात्र तडजोड नाही. नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर, फ्रेमला चिकटून, आणि नळी कायम टार्गेटकडे. आयपीएससीत नळी ९० अंशांच्या बाहेर वळली की तिथल्या तिथं डिस्क्वालिफाय करतात, गोळी सुटली नसली तरी. ही सवय पहिल्या दिवसापासून लागली पाहिजे.

पीजी किंवा शेअरिंगमध्ये राहत असाल तर रूममेटला आणि घरमालकाला आधीच सांगून ठेवा. ट्रेनमधून नेताना पिस्तूल रिकामं, बंद केसमध्ये, बिलाची कॉपी सोबत, आणि विरार फास्टच्या गर्दीत तर नकोच. केस डब्यात कधीच उघडायची नाही, कुणी कितीही कौतुकाने विचारलं तरी. रूमवर कोऱ्या भिंतीसमोर ड्राय फायर, म्हणजे पेलेट न भरता ट्रिगर दाबायचा सराव करा, पेलेट्स दुसऱ्या खोलीत ठेवून. पेलेट शिशाचे असतात, म्हणून रेंजवरून निघताना साबणाने हात धुवा, मगच बाहेर वडापाव खा. आणि पावसाळ्यात इथल्या दमट हवेत लोखंड लगेच गंजतं, तेव्हा प्रत्येक सेशननंतर तेलाचं फडकं फिरवूनच केस बंद करा.