सरकार लहान करा, शिक्षणखर्च आवरा: महाराष्ट्रात हा मुद्दा आकड्यांनिशी कसा मांडायचा

शिक्षणावरचा सरकारी खर्च कमी करा, असं महाराष्ट्रात कुणी म्हटलं की समोरून पहिल्याच मिनिटाला फुले येतात, मग शाहू महाराजांचा १९१७ चा सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा येतो, आणि बोलणारा तिथेच गार होतो. चूक समोरच्याची नसते. ‘खर्च कमी करा’ हे वाक्यच इतकं ढोबळ आहे की ऐकणाऱ्याला त्यात फक्त कुलूप लागलेली शाळा दिसते. हा मुद्दा टिकवायचा असेल तर तो इमारतीवरून उचलून पदांवर आणावा लागतो. कोणत्या लेखाशीर्षाखालचं (अर्थसंकल्पातल्या खर्चाच्या खात्याखालचं) कोणतं पद, कोणत्या वर्षी, कोणत्या नियमाने कमी होणार, एवढं सांगता आलं पाहिजे. सांगता येत नसेल तर बोलायला उभं राहू नका.

आधी अर्थसंकल्प वाचा, भाषण नव्हे

अर्थमंत्र्यांचं भाषण बाजूला ठेवा आणि वित्त विभागाच्या संकेतस्थळावरून शालेय शिक्षण व क्रीडा विभागाच्या मागण्यांचं, म्हणजे विधिमंडळाकडे मागितलेल्या रकमांचं, पुस्तक उतरवून घ्या. मुख्य लेखाशीर्ष २२०२ म्हणजे सामान्य शिक्षण. त्यात ०१ प्राथमिक, ०२ माध्यमिक, ०३ विद्यापीठ व उच्च शिक्षण. तंत्रशिक्षण २२०३ मध्ये, बांधकामासारखा भांडवली खर्च ४२०२ मध्ये. प्रत्येक ओळीपुढे प्रत्यक्ष खर्च, अर्थसंकल्पीय अंदाज आणि सुधारित अंदाज असे वेगवेगळे रकाने असतात. तुलना करायची ती प्रत्यक्ष खर्चाची प्रत्यक्ष खर्चाशी. एका वर्षाचा अंदाज दुसऱ्या वर्षाच्या प्रत्यक्ष खर्चाशी ताडून ‘एवढी वाढ’ म्हणणाऱ्याला वित्त विभागातला साधा कक्ष अधिकारीही गप्प करेल.

इथे हमखास एक चूक होते. नवखा माणूस ‘०१ वेतन’ हे उद्दिष्टशीर्ष (पैसा कशावर गेला ते सांगणारी ओळ) बघतो, त्यात रक्कम थोडी दिसते आणि त्याला वाटतं की पगारावर फारसं जात नाही. पण जिल्हा परिषदेचे आणि अनुदानित शाळांचे शिक्षक तिथे नसतातच. त्यांचा पगार ‘३६ सहायक अनुदाने (वेतन)’ या शीर्षाखाली जातो, आणि ‘३१ सहायक अनुदाने (वेतनेतर)’ हे वेगळं. दोन्ही शीर्षांची बेरीज स्वतंत्र मांडा. शाळेच्या खडू-फळ्याला, दुरुस्तीला, वीजबिलाला काय उरतं ते त्या दुसऱ्या आकड्यातच दिसतं, आणि तुमच्या मांडणीतलं सगळ्यात बोलकं चित्र बहुधा तेच असेल.

तरीही हिशेब पुरा होत नाही. निवृत्तिवेतन २२०२ मध्ये येत नाही, ते २०७१ मध्ये जातं; त्यात १०९ हे गौणशीर्ष (पोटखातं) अनुदानित शिक्षणसंस्थांच्या कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतनाचं आहे. आश्रमशाळा आणि वसतिगृहांसाठी २२२५ बघा. मुंबई महापालिकेचा शिक्षणाचा अर्थसंकल्प तर वेगळाच असतो. आणि २०१९-२० चा आकडा एकदम चढलेला दिसला तर घाईने निष्कर्ष काढू नका. सातवा वेतन आयोग राज्यात जानेवारी २०१९ पासून लागू झाला, तोही १ जानेवारी २०१६ पासूनच्या थकबाकीसह. ती उडी शिक्षकांच्या संख्येची नव्हे, दराची आहे.

एकूण चित्रासाठी २०२५-२६ चे तीन आकडे पुरतात: महसुली जमा ५,६०,९६४ कोटी, महसुली खर्च ६,०६,८५५ कोटी, महसुली तूट ४५,८९१ कोटी रुपये. म्हणजे चालू खर्चासाठीच कर्ज. पण ही तूट शिक्षणामुळे आली असं म्हणू नका. त्याच अर्थसंकल्पात लाडकी बहीण योजनेसाठी ३६,००० कोटींची तरतूद होती, आणि समोरचा ती काढणारच. लहान सरकार हवं असेल तर तिथेही हात घालायची तयारी ठेवा. तिथे गप्प आणि शाळेवर बोट, असं केलंत तर तुमचा मुद्दा तत्त्वाचा उरत नाही.

एका शाळेचा हिशेब, शेवटपर्यंत

राज्याने स्वतःच एक आकडा जाहीर केलेला आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १२(२) नुसार २५ टक्के राखीव जागांवरच्या मुलांसाठी खाजगी शाळांना प्रतिपूर्ती मिळते, ती शासनाचा प्रति विद्यार्थी खर्च किंवा शाळेची प्रत्यक्ष फी यांपैकी जे कमी असेल तेवढी. महाराष्ट्रात हा दर वर्षाला १७,६७० रुपये धरला गेला. कोरोनाच्या काळात तो ८,००० वर आणला होता. या आकड्याशेजारी लहान शाळेचा खर्च ठेवला की फरक डोळ्यांत भरतो.

समजा, एका वाडीवर १२ मुलं आणि दोन शिक्षक. एका शिक्षकावर सगळं धरून महिना ७०,००० रुपये खर्च मानू. वर्षाचे १६ लाख ८० हजार, म्हणजे एका मुलामागे १ लाख ४० हजार. बहुतेक जण इथेच थांबतात आणि ‘शाळा बंद केली की १६.८ लाख वाचले’ असं लिहून मोकळे होतात. चूक इथेच आहे.

ती १२ मुलं शेजारच्या गावच्या शाळेत जाणार. तिथला पट ५५ असेल तर तो ६७ होतो. कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीला ६० पर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन. म्हणजे एक पद तिकडे वाढलं, वाचलं ते एकच: ८ लाख ४० हजार. मुलांना वाहतूक भत्ता द्यावा लागेल. महिना ६०० रुपये, दहा महिने, १२ मुलं, असे ७२ हजार. उरले ७ लाख ६८ हजार. आणि तेही तालुक्यात कुठेतरी पद रिक्त असेल तरच. रिक्त पद नसेल तर तो शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरतो, समायोजनाच्या यादीत जातो आणि पगार चालूच राहतो. शेजारच्या शाळेचा पट ४५ असता तर १२ धरून ५७ झाला असता, तिसरं पद लागलंच नसतं आणि बचत दुपटीच्या वर गेली असती. म्हणून सरसकट ‘२० पेक्षा कमी पटाच्या शाळा’ म्हणण्याऐवजी प्रत्येक शाळेशेजारी तिच्या जवळच्या शाळेचा पट लिहून काढा. काम कंटाळवाणं आहे, पण बाकी कुणी ते केलेलं नसतं.

राज्याच्या पातळीवर हा प्रश्न केवढा आहे? २०२१-२२ च्या यू-डायसनुसार (शाळांच्या सरकारी माहितीसाठ्यानुसार) २० किंवा त्याहून कमी पटाच्या शाळा १४ हजारांहून अधिक, त्यात सुमारे १ लाख ८५ हजार मुलं आणि २९ हजारांहून जास्त शिक्षक. एका शिक्षकामागे जेमतेम सहा मुलं. पण यातल्या किती शाळा सपाटीवरच्या आहेत आणि किती डोंगरातल्या पाड्यांवरच्या, हे वेगळं काढलंच पाहिजे. प्राथमिक शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत, उच्च प्राथमिक तीन किलोमीटरच्या आत, असा नियम आहे. पावसाळ्यात मध्ये ओढा भरत असेल तर नकाशावरचं अंतर कामाचं नाही. असे पाडे स्वतःहून यादीतून वगळा. वगळले नाहीत तर विरोधक त्यातलाच एक पाडा उचलतील आणि चर्चा दिवसभर त्याच्याभोवती फिरेल. २०२३ मध्ये शासनाने पानशेत आणि तोरणमाळच्या धर्तीवर समूह शाळांचा (लहान शाळा एकत्र करून एक मोठी शाळा) प्रस्ताव मागवला तेव्हा बोंब झाली ती मुख्यतः अंतराचीच, आणि मुलींची गळती होईल या भीतीची.

कायद्याच्या भिंती

काही दारं बंदच आहेत. त्यांवर डोकं आपटू नका. ६ ते १४ वयोगटाचं मोफत शिक्षण घटनेच्या कलम २१अ मध्ये आहे, त्यामुळे ‘सरकारने शिक्षणातून बाहेर पडावं’ हे वाक्य राज्याच्या अर्थसंकल्पाच्या चर्चेत निरर्थक ठरतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला २५ टक्क्यांतून सूट दिली. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. नियमाने कायद्याला बगल देता येत नाही.

समग्र शिक्षा या केंद्र-राज्याच्या संयुक्त शालेय योजनेत शंभरातले केंद्राचे ६० आणि राज्याचे ४० रुपये असतात. तिथे राज्याचे ४० वाचवायला गेलात तर केंद्राचे ६० ही जातात. काटकसर सुचवायची ती राज्य स्वतःच्या खिशातून पूर्ण भरतं अशा ओळींवर.

अशी सगळ्यात मोठी ओळ अनुदानित शाळांची. ‘कायम विनाअनुदानित’ म्हणून परवानगी दिलेल्या शाळांपुढचा ‘कायम’ हा शब्द २००९ मध्ये काढला गेला, आणि मग २० टक्के, ४० टक्के असे टप्पा अनुदानाचे जिने सुरू झाले. एक शब्द गळाला आणि राज्यावर कायमची वेतनाची जबाबदारी आली. लहान सरकारच्या बाजूने याहून चांगलं उदाहरण शोधून सापडणार नाही, कारण इथे कुणाची शाळा बंद करायची नाही. फक्त नवी जबाबदारी घ्यायची नाही. नव्या शाळांसाठी २०१२ चा स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा आहेच.

पदं कशी कमी होतात

सरकारी नोकर काढता येत नाही, असं लोक समजतात तेवढं ते खोटंही नाही. पण पद कमी करता येतं. त्याचे शब्द ठरलेले आहेत: विभागाचा सुधारित आकृतीबंध (मंजूर पदांचा आराखडा), मंजूर पदांतून रिक्त पद निरसित (रद्द) करणं, संवर्ग (एका प्रकारच्या पदांचा गट) मृत घोषित करणं. मृत संवर्गातला माणूस निवृत्त होईपर्यंत राहतो, त्याच्या जागी नवा येत नाही. बचत हळूहळू, दहा-पंधरा वर्षांत दिसते. तेवढाच काळ सांगा. पुढच्या मार्चमध्ये पैसे वाचतील असं आश्वासन देऊ नका.

झटपट मार्ग टिकत नाहीत. ४ मे २०२० च्या शासन निर्णयाने नवी भरती थांबवली आणि योजनांचा खर्च ३३ टक्क्यांवर आणला. ते संकटातलं पाऊल होतं, त्याने आकृतीबंध बदलला नाही. पदं कागदावर मंजूरच राहिली. सप्टेंबर २०२३ मध्ये बाह्य यंत्रणांमार्फत कंत्राटी भरतीचा निर्णय निघाला आणि ऑक्टोबरमध्ये मागे घ्यावा लागला. कंत्राटीकरण म्हणजे लहान सरकार नव्हे. माणसं तेवढीच राहतात, फक्त पगार दुसऱ्या शीर्षाखाली जातो.

वर्गावरच्या शिक्षकाआधी वरचे मजले मोजा: आयुक्तालय, संचालनालयं, विभागीय उपसंचालक, शिक्षणाधिकारी, गटशिक्षणाधिकारी, विस्तार अधिकारी, केंद्रप्रमुख, शिवाय परिषदा आणि प्रशिक्षण संस्था. एकच माहिती किती ठिकाणी मागवली जाते हे कुठल्याही मुख्याध्यापकाला विचारा. इथून सुरुवात केलीत तर शिक्षकही थोडा वेळ तुमच्या बाजूने डोलतील.

माहिती अधिकाराचा अर्ज

अर्ज जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षण विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयाचा हवा, म्हणून पट आणि अनुदान एकत्र विचारू नका. मागायचं ते असं (संचमान्यता म्हणजे पटावरून शाळेला मंजूर झालेली पदं): ‘३० सप्टेंबरच्या पटावर आधारित संचमान्यतेची प्रत, तालुकानिहाय मंजूर, कार्यरत व रिक्त पदे, २० किंवा कमी पटाच्या शाळांची यू-डायस क्रमांकासह यादी, अतिरिक्त शिक्षकांची संख्या.’ ‘शाळा का बंद केली नाही’ असं विचारलंत तर नकार ठरलेला. नोंदीत असलेली माहिती मिळते, कारणमीमांसा नाही. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत वीस रुपयांच्या स्टॅम्पसह पहिलं अपील.

समोरून काय येईल

‘सहा टक्के खर्च झालाच पाहिजे.’ हा आकडा १९६४-६६ च्या कोठारी आयोगापासून चालत आलेला आहे आणि २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही आहे. पण तो देशाच्या उत्पन्नाचा, केंद्र आणि राज्यं मिळूनचा आहे. एकट्या राज्याच्या उत्पन्नावर तो लावणाऱ्याला एवढंच सांगा.

‘सरकारी शाळेत मुलं शिकत नाहीत’ हे तुमचं आवडतं वाक्य असेल तर जपून. ‘असर’ या शिक्षण सर्वेक्षणाच्या २०२४ च्या अहवालानुसार देशभरातल्या ग्रामीण भागात सरकारी शाळेतल्या तिसरीच्या २३.४ टक्के मुलांनाच दुसरीचा मजकूर वाचता आला. मात्र २०२२ मध्ये हाच आकडा १६.३ होता. सुधारणा तुम्हीच आधी सांगा. खाजगी शाळांशी तुलना करताना घरची परिस्थिती वेगळी असते हेही मान्य करा. तुमचा मुद्दा ‘पैसा वाढवला की शिकणं त्या प्रमाणात वाढत नाही’ एवढाच असू द्या.

कुठे मांडायचं

विधान परिषदेत शिक्षक मतदारसंघाचे सात आमदार आहेत, ते तुमचं निवेदन घेणार नाहीत. विधानसभेतला आमदार धरा आणि त्याला कपात सूचना (मागणीतली रक्कम कमी करण्याचा प्रस्ताव) लिहून द्या. संसदीय प्रथेत काटकसर कपातीत ठरावीक रक्कम आणि ओळ सांगावी लागते; धोरणविषयक कपात मागणी एक रुपयावर आणते आणि गाजावाजा करते, पण ती राजकीय भांडण ठरते. काटकसर कपात द्या. मागण्यांवरची चर्चा वेळेत संपली नाही तर उरलेल्या मागण्या गिलोटिनने, म्हणजे चर्चेविना, एकदम मंजूर होतात, म्हणून कागद अधिवेशन सुरू होण्याआधी आमदाराच्या हातात हवा. दोन पानं पुरतात: पहिल्यावर शाळानिहाय तक्ता, दुसऱ्यावर वगळलेले पाडे आणि वगळण्याचं कारण. डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात पुरवणी मागण्या (वर्षामध्येच मागितलेला जादा खर्च) येतात तेव्हा तीच शीर्षं पुन्हा तपासा. मार्चमध्ये कापलेली रक्कम तिथे परत आलेली असते.