बिल फाडण्याआधी गिऱ्हाइकाचं राज्य विचारा

देगलूरला आमचं पाइप आणि हार्डवेअरचं दुकान आहे. उन्हाळ्यात मदनूरकडचे शेतकरी येतात, ते तेलंगणातले. औरादकडचे येतात, ते कर्नाटकातले. भाव सगळ्यांना सारखाच असतो, पण बिल वेगळं. नव्यानं दुकान टाकणारी पोरं नेमकी इथंच अडकतात, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी जुना हिशेब बघा. २०१७ च्या सुरुवातीला कारखान्यातून शंभर रुपयांचा माल निघाला की केंद्राची १२.५ टक्के एक्साइज लागायची. त्या ११२.५० वर पुन्हा राज्याचा १३.५ टक्के व्हॅट. करावर कर बसून, कुणाचा नफा न धरताही, माल १२७.६९ ला जायचा. बिलावर दिसायचा फक्त व्हॅट, एक्साइज भावातच मुरलेली. हैदराबादहून माल आणला तर सी फॉर्म (सवलतीच्या दरासाठी द्यायचा कागद) देऊन २ टक्के सीएसटी, म्हणजे परराज्यातल्या खरेदीवरचा केंद्रीय विक्रीकर, आणि तो कुठंच वजा मिळायचा नाही. १ जुलै २०१७ ला हे कर जीएसटीत आले. पाइपला आज १८ टक्के आहे. डिझेल मात्र बाहेरच राहिलं, त्यामुळं टेम्पोत घातलेल्या डिझेलचा व्हॅट अजूनही आपल्याच अंगावर पडतो.

आता बिल. माल १०,००० चा. गिऱ्हाईक आपल्याच राज्यातल्या मुखेडचं असेल तर ९०० सीजीएसटी (केंद्राचा) आणि ९०० एसजीएसटी (राज्याचा). माल मदनूरला जाणार असेल तर १,८०० आयजीएसटी, म्हणजे परराज्यातल्या विक्रीवरचा एकत्र कर. गिऱ्हाइकाला एकूण तेवढंच पडतं, पण राज्याचा वाटा माल जिथं वापरला जातो त्या राज्याला मिळतो. महाराष्ट्रासारख्या माल बनवणाऱ्या राज्यांना याचीच धास्ती होती, म्हणून केंद्रानं जून २०२२ पर्यंत पाच वर्षांची भरपाई कबूल केली होती.

गिऱ्हाइकाकडं जीएसटी नंबर असेल तर पहिले दोन आकडे वाचा: २७ महाराष्ट्र, २९ कर्नाटक, ३६ तेलंगणा. माल आपण त्याच्या गावी पोहोचवणार असू तर तिथलं राज्य धरायचं. नंबर नसेल तर १ ऑक्टोबर २०२३ पासून बिलावरचा पत्ता धरतात. नुसतं राज्याचं नाव लिहिलं तरी तो पत्ता झाला, आणि काहीच लिहिलं नाही तर दुकानाचं राज्य. म्हणून मी बिलाला हात लावायच्या आधी विचारते, 'मीदी ए ऊरु?', म्हणजे तेलुगूत 'तुमचं गाव कोणतं?' गाव कळलं की राज्य कळलं.

तरी चुकून उलटा कर, म्हणजे आयजीएसटीच्या जागी बाकीचे दोन किंवा त्यांच्या जागी आयजीएसटी, भरला गेलाच तर घाबरू नका. बरोबर कर भरायचा आणि चुकीचा परत मागायचा. त्यावर व्याज लागत नाही. दोन वर्षांची मुदत तेवढी पाळा.

कंपोझिशन, म्हणजे छोट्या दुकानदारांसाठीची सोपी कर योजना, घ्यावी का, असं खूप जण विचारतात. विक्रीच्या एक टक्क्यात सुटतं, हे खरं. पण त्यात दुसऱ्या राज्यात विक्री करता येत नाही आणि इनपुटही (खरेदीवर दिलेल्या कराची वजावट) मिळत नाही. सीमेवरच्या दुकानाला मी ती घ्या म्हणणार नाही. वर्षाला ४० लाखांच्या विक्रीपर्यंत जीएसटी नोंदणी नको, ही सूटसुद्धा माल परराज्यात विकला की संपते.

इनपुटचे तीन वेगळे खिसे समजा. आयजीएसटीचं इनपुट आधी आयजीएसटीला लावायचं, उरलं तर बाकी दोघांना. सीजीएसटीच्या खिशातून एसजीएसटी भरता येत नाही, आणि उलटंही नाही.

आणि हे मी पैसे मोजून शिकले. एका व्यापाऱ्याकडून १,८०,००० चा माल घेतला, ३२,४०० कर त्याला दिला. त्यानं आपलं रिटर्नच भरलं नाही. माझ्या टू-बीत, म्हणजे जीएसटी पोर्टलवर दर महिन्याला येणाऱ्या इनपुटच्या यादीत, ते बिल आलंच नाही, आणि तेवढी रक्कम त्या महिन्यात मला पुन्हा घरातून घालावी लागली. तेव्हापासून दर महिन्याच्या १४ तारखेला टू-बी आली की खरेदीची एकेक बिलं जुळवते. जे दिसत नाही त्याच्या मालकाला त्याच दिवशी फोन. नव्या व्यापाऱ्याला मालाचे पैसे आधी देते, कराचे पैसे मात्र बिल टू-बीत दिसल्यावर. पहिल्याच सौद्यात हे स्पष्ट सांगा, कुणी राग मानत नाही.

आपला धंदा उधारीवर चालतो, म्हणून शेवटची एक गोष्ट. व्यापाऱ्याचं बिल १८० दिवसांत चुकतं केलं नाही तर घेतलेलं इनपुट व्याजासकट परत करावं लागतं. पैसे दिल्यावर इनपुट पुन्हा घेता येतं, व्याज मात्र गेलंच. जूनमध्ये पेरणीच्या तोंडावर भरलेल्या मालाची मुदत डिसेंबरात संपते. मी प्रत्येक खरेदी बिलाच्या कोपऱ्यात १८० वा दिवस पेन्सिलनं लिहून ठेवते.