मॉडेल बदलण्याआधी सुटलेली फ्रेम मोठी करून बघा

व्हिडिओत चेहरे शोधण्याच्या कामाला लागलो तेव्हा पहिले तीन आठवडे मी नुसती चेहरे शोधणारी मॉडेलं बदलत होतो. दारावरच्या सीसीटीव्हीत बरेच चेहरे सापडतच नव्हते. हार कॅस्केड झालं, एमटीसीएनएन झालं, मग रेटिनाफेस, अशी एकामागून एक मॉडेलं लावली. फरक पडायचा, पण बेताचाच. शेवटी चेहरा सुटलेली एक फ्रेम, म्हणजे व्हिडिओतलं एक चित्र, मोठी केली. चेहऱ्याच्या जागी फक्त करडा, ओढला गेलेला डाग होता. त्यात कुठलं मॉडेल काय शोधणार?

तेव्हापासून माझा पहिला प्रश्न ठरलेला आहे: चेहऱ्याच्या वाट्याला पिक्सेल किती? आयईसी 62676-4 या सीसीटीव्हीसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या 2014 च्या आवृत्तीत ओळख पटवण्यासाठी मीटरमागे 250 पिक्सेल धरले होते. चेहरा साधारण 16 सेंटीमीटर रुंद, म्हणजे जेमतेम 40 पिक्सेल. नुसता चेहरा शोधायला याहून कमी चालतात, पण आमचा कोड 1920 रुंदीची फ्रेम मॉडेलला देण्याआधी 640 वर आणत होता. 40 चे उरले 13! ती एक ओळ आधी का वाचली नाही, याची अजून हळहळ वाटते. फ्रेमचे एकमेकांवर थोडे चढणारे तुकडे करून मूळ आकारातच दिले, तेव्हा लांबचे चेहरे सापडू लागले.

मग शटर, म्हणजे एका फ्रेमसाठी कॅमेरा किती वेळ उजेड घेतो ते. 1/25 सेकंदात आडवा चालणारा माणूस पाचेक सेंटीमीटर पुढे जातो, म्हणजे त्या 40 पिक्सेलांच्या चेहऱ्यावर 14 पिक्सेलची फरपट. 1/125 ला ती तीनवर येते. चित्र काळवंडतं, म्हणून उजेड वाढवावा लागतो. गेन, म्हणजे कॅमेऱ्याच्या सिग्नलची कृत्रिम वाढ, वाढवून वेळ मारून नेऊ नका. चित्रात दाणे येतात आणि बिटरेट (सेकंदाला किती डेटा, ते) बांधलेला असेल तर कॉम्प्रेशन त्यांच्यासकट डोळे-नाकही पुसून टाकतं. दारामागून ऊन येत असेल तर डब्ल्यूडीआर (उजळ आणि काळोखे भाग एकाच चित्रात नीट दाखवणारी कॅमेऱ्यातली सोय) चालू करा. आणि कॅमेरा छताला टांगलेला असेल तर तो खाली आणायला भांडा, कारण तिथून टाळू दिसते.

चाचणीबद्दल एकच, पण कळकळीनं सांगतो. एकाच व्हिडिओतल्या फ्रेम ट्रेनिंग (मॉडेलला शिकवणं) आणि टेस्ट (त्याची परीक्षा) यांच्यात वाटू नका. लागोपाठच्या फ्रेम जुळ्या असतात, आकडे फुगतात. दिवस वेगळे ठेवा, जमल्यास कॅमेरेही. रात्रीचं इन्फ्रारेड फुटेज स्वतंत्र मोजा.

मी आजही दर आठवड्याला सुटलेले शंभर चेहरे काढतो आणि प्रत्येकापुढे कारण लिहितो: लहान, पुसट, अंधारात, वळलेला, झाकलेला. ज्या कारणाची रांग सर्वांत लांब, त्यावर पुढचा आठवडा.